हार्वेस्टरच्या हेडरची चेन : भांडुपच्या गाळ्यातल्या नोंदी

शनिवार, १८ जानेवारी २०२५

पहाटे साडेपाचला टेम्पो आला. रात्री निफाडहून निघून कसारा घाट, भिवंडी, ठाणे करत भांडुप. हेडर, म्हणजे हार्वेस्टरचा पुढचा पीक कापणारा भाग, चौदा फुटी. रील काढून वेगळं बांधलं होतं, तरी शटरमधून आत घ्यायला दोन तास लागले. खाली पाइप टाकले, चेनकप्पी लावली आणि इंच इंच सरकवलं. आता गाळ्यात लेथपर्यंत जायला एक माणूस आडवा जाईल एवढीच वाट उरली आहे.

मशीन दाजींचं. तीन वर्षांपूर्वी पंजाबातून, नाभा-भादसोंच्या बाजूने जुनं घेतलेलं. सोंगणीच्या दिवसांत गहू आणि सोयाबीन भाड्याने काढून देतात. गेल्या मार्चमध्ये ऑगरची चेन एकाच हंगामात तीनदा तुटली. उभ्या गव्हात मशीन थांबलं की शेतकरी बांधावर येऊन उभा राहतो, पुढच्या गावचा फोन सुरू होतो आणि ढग दिसले तर ताईला रात्रभर झोप नसते. दाजी टेम्पोतून उतरताच म्हणाले, "पाहुणे, या वर्षी चेन तुटली नाही पाहिजे. बाकी काही सांगत नाही."

भाचा सोबत आला आहे, महिनाभर राहणार. हंगामात मशीनवर तोच असतो. या नोंदी त्याच्यासाठी ठेवतोय. काम संपल्यावर वही मशीनच्या टूलबॉक्समध्ये जाईल.

रविवार, १९ जानेवारी

सुट्टी असल्याने गाळा शांत. हेडर धुतलं. आत गेल्या हंगामाचं भुसकट आणि माती यांचा थर इतका घट्ट बसला होता की खरवडीने काढावा लागला.

कधी हार्वेस्टर जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. पुढे फिरणारं रील पीक आत ओढतं, खाली कटर बारची पाती ते कापतात, मग ऑगर नावाचा मोठा स्क्रू दोन्ही बाजूंनी पीक मधोमध आणतो आणि तिथून ते गळ्यातून, म्हणजे फीडरमधून, मळणीच्या ड्रमकडे चढतं. रीलवर भार हलका असतो, तिथे अर्ध्या इंचाची चेन आहे. खरा भार ऑगरवर येतो. ओलं तण, दबलेला गव्हाचा गठ्ठा, कधी दगड, सगळं त्याच्यावर आदळतं. ऑगरची चेन पाऊण इंची, लहान स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, १३ दात्यांचं, मोठं ३३.

दाजींनी एक काम फार चांगलं केलं होतं. तुटलेल्या तिन्ही चेन गोणीत भरून पाठवल्या. बहुतेक लोक तुटलेली चेन भंगारात देतात आणि पुरावा त्यासोबत जातो.

मंगळवार, २१ जानेवारी

तिन्ही चेन रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने साफ केल्या आणि मापल्या.

माप कसं घ्यायचं ते भाच्याला दाखवलं. चेन टेबलावर सरळ पसरायची, एक टोक खिळ्यात अडकवून दुसऱ्या टोकाला ओढ द्यायची. ढिल्या चेनचं माप खोटं येतं. मग १६ कड्या मोजून पहिल्या पिनच्या मध्यापासून सतराव्या पिनच्या मध्यापर्यंत अंतर घ्यायचं. पाऊण इंची चेनच्या १६ कड्या म्हणजे बरोबर एक फूट, ३०४.८ मिलिमीटर. तीन टक्के वाढली, म्हणजे साधारण ३१४ च्या आसपास गेली, की ती चेन उतरवायची.

पहिली ३१७. म्हणजे चार टक्के. ही संपलेलीच होती.
दुसरी ३०८.५.
तिसरी ३०५.७.

तिसरी जवळजवळ नवी! पाव-अर्धा टक्कासुद्धा धड झिजली नव्हती आणि तुटली. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे माल खराब होता." मला तसं वाटत नाही. झिजून तुटलेली आणि नवी असताना तुटलेली चेन एकाच कारणाने तुटत नाही. पण घाईत निष्कर्ष नको.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण गाळ्यात येणारे निम्मे लोक चुकतात. चेन "ताणली" असं आपण म्हणतो, पण प्लेटचं लोखंड ताणलं जात नाही. पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक कडीत केसाएवढं अंतर वाढतं. नव्वद कड्यांचं मिळून ते बोटभर होतं. त्यामुळे चेन वाचवायची म्हणजे पिन आणि बुश यांच्यामधली जागा वाचवायची. बाहेरून ती किती चकचकीत दिसते याला अर्थ नाही.

बुधवार, २२ जानेवारी

तुटलेली टोकं भिंगाखाली पाहिली.

पहिलीची प्लेट एका बाजूने चिरत गेलेली. झिजलेली चेन स्प्रॉकेटच्या दात्यांवर चढत राहिली, उड्या मारत राहिली आणि शेवटी गेली. यात गूढ काही नाही.

दुसरी तुटली ती बरोबर हाफ लिंकवर. कड्यांची संख्या विषम, ८९. चेन लांबीला बसत नाही म्हणून एक अर्धी वाकडी कडी घातलेली. तिच्या प्लेटला भोकापासून निघालेली बारीक सरळ चीर, ओढीच्या काटकोनात, कुठेही प्लेट वाकलेली नाही. हे थकून तुटणं. रोज थोडी थोडी चीर वाढत जाते आणि एक दिवस कडी सुटते. हाफ लिंक सरळ कडीपेक्षा कमजोर असतेच. शेतात अडलं तर एका दिवसासाठी घाला, पण हंगाम तिच्यावर काढू नका.

तिसरीचं चित्र अगदी वेगळं. तुटलेल्या कडीच्या प्लेटची भोकं गोल राहिलेली नाहीत, लांबट झाली आहेत. शेजारच्या दोन कड्यांचीही. ही एका झटक्यात, ताकदीच्या बाहेरचा भार येऊन तुटली.

तीन चेन, तीन वेगळी मरणं. आणि तिन्ही वेळा औषध एकच, नवी चेन.

शनिवार, २५ जानेवारी

आज मोठा शोध लागला.

व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. पहिल्या, जुन्या चेनचा रोलर ११.९ मिलिमीटर, आतली रुंदी १२.५. दुसऱ्या आणि तिसऱ्या चेनचा रोलर १२.१ च्या जवळ, आतली रुंदी ११.७. म्हणजे पहिली साठ नंबर, म्हणजेच १२ए या मापाची. नंतरच्या दोन्ही १२बी, वेगळ्या मापाच्या. पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, दोघींचा सारखाच, १९.०५. दुकानात "पाऊण इंची द्या" एवढंच म्हटलं की समोर जी असेल ती मिळते. शेजारी शेजारी ठेवल्या तरी डोळ्याला फरक कळत नाही.

पण स्प्रॉकेट १२एचं आहे. त्याचा दाता साधारण पावणेबारा मिलिमीटर जाड, १२बीच्या आतल्या जागेपेक्षा किंचित मोठाच. चेन खाली बसणारच नाही, दात्यांवर अडकून राहील. मग ती शेतात चालली कशी?

भाच्याने मोबाइलचा टॉर्च स्प्रॉकेटवर तिरका धरला आणि उत्तर समोर आलं. प्रत्येक दात्याच्या दोन्ही बाजूंवर तिरक्या रेघा, ग्राइंडरच्या. कुणीतरी ४६ पैकी ४६ दाते हाताने घासून बारीक केले होते. कुठे १०.४, कुठे ११, एक दाता दुसऱ्यासारखा नाही. चेन बसत नव्हती म्हणून दाते कापले. वरचा कडक थर तिथेच गेला असणार. दाते पुढे वाकून आकड्यासारखे झाले होते ते त्यामुळेच इतक्या लवकर.

त्या मिस्त्रीला मी नावं ठेवणार नाही. रात्री अकराला, बॅटरीच्या उजेडात, शेतकरी डोक्यावर उभा असताना त्याने मशीन चालू करून दिलं. पण सकाळी कुणीतरी परत पाहायला हवं होतं.

सोमवार, २७ जानेवारी

दाजींना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन्ही स्प्रॉकेट टाका नवीन." ठरलं. १२ए चेन, दोन्ही स्प्रॉकेट नवी, हाफ लिंक नाही.

कड्यांचा हिशेब : दोन शाफ्टमधलं अंतर ६२० मिलिमीटर. सूत्राने ८८.४ कड्या येतात. त्यामुळेच आधीच्या माणसाने ८९ केल्या. आपण ९० घेऊ आणि वाढलेला ढिलेपणा आयडलरवर, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या चाकावर, काढू. सम कड्या आणि विषम दाते हा मेळ चांगला, कारण तोच रोलर प्रत्येक फेरीत त्याच दात्यावर येत नाही. झीज सगळ्या दात्यांना वाटून जाते.

गुरुवार, ३० जानेवारी

नागदेवी. मशीद स्टेशनला उतरून चालत. या गल्लीत मी सोळाव्या वर्षापासून येतोय. बेअरिंग, बेल्ट, चेन, कपलिंग, जे मागाल ते दोन दुकानांच्या अंतरावर. हातगाड्या आणि माथाडी कामगार यांच्यामधून वाट काढताना वरची पाटी पाहायचीच नाही, पायाखाली पाहायचं. भाचा पहिल्यांदाच आला होता. एवढ्या चेन एका जागी टांगलेल्या पाहून दारातच थांबला.

दुकानात आता नुसतं "पाऊण इंची" म्हणालो नाही. "साठ नंबर, सिंगल, नव्वद कड्या, एक जादा लॉक." लॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी. काउंटरवर व्हर्नियर लावून रोलर आणि आतली रुंदी पाहिली. दुकानदार जुना माणूस आहे, त्याने स्वतःच पुढे केली. म्हणाला, मापून घेणारं गिऱ्हाईक परत भांडायला येत नाही.

स्प्रॉकेट घेताना कानस सोबत नेली होती. दात्यावर हलकी ओढून पाहिली. कडक केलेल्या दात्यावरून कानस काचेवरून जावी तशी घसरते. मऊ असेल तर चावते आणि पांढरी रेघ उठते. पहिल्या दुकानातलं चावलं, ठेवून दिलं. तिसऱ्या दुकानातलं घसरलं. तेरा दात्यांचं स्प्रॉकेट मऊ घेणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण लहान चाकावर प्रत्येक दात्याची पाळी अडीचपट वेळा येते.

येताना मालडब्यात. ३३ दात्यांचं चाक पायाशी, चेन पिशवीत. मासळीच्या टोपल्यांशेजारी एका मावशींनी विचारलं, "कसलं चाक रे बाबा?" भाच्याने सांगितलं, गव्हाच्या मशीनचं. त्या म्हणाल्या, "मग नीट ने."

शनिवार, १ फेब्रुवारी

लेथवर बोअर, म्हणजे शाफ्ट बसायची भोकं, काढले. लहान स्प्रॉकेट ३५ मिलिमीटर, चावीची, म्हणजे चाक शाफ्टवर फिरू न देणाऱ्या पट्टीची, खाच १०. चावी हाताने दाबून अर्धी जाते आणि उरलेली तांब्याच्या हातोडीच्या दोन ठोक्यांत बसते, एवढी घट्ट ठेवली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवी स्प्रॉकेट लावून सरळ पट्टी धरली. दोन्ही चाकांची तोंडं एका रेषेत यायला हवीत. ४ मिलिमीटरचा फरक.

आधी वाटलं मीच बोअर तिरका काढला. काढून पुन्हा तपासलं, बोअर बरोबर. मग ऑगरच्या उजव्या बेअरिंगचं हाउसिंग हलवून पाहिलं, ते हातानेच हललं. बोल्टची भोकं घासून लांबट झालेली, हाउसिंग सरकलेलं आणि त्यासोबत सगळा ऑगरच एका अंगाला गेलेला. जुन्या चेनच्या आतल्या प्लेटा एकाच बाजूने चकाकत होत्या. पहिल्या दिवशी ते पाहिलं होतं आणि वहीत लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर आठवडा आधी इथे पोहोचलो असतो.

भोकं वेल्डिंगने भरली, परत ड्रिल केली, बेअरिंग नवं. पट्टी पुन्हा धरली, आता दोऱ्याइतकी फटही दिसत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

ताई आणि दाजी आले. ताईने बाजरीची भाकरी आणि ठेचा आणला, गाळ्यातच जेवलो.

दाजींशी ग्रीसवरून वाद झाला. त्यांचं म्हणणं, "ग्रीस म्हणजे चेनचं तूप. मी दर आठवड्याला थापतो, कधी चुकलो नाही." ते खरंच कधी चुकले नाहीत. म्हणून वाद न घालता एक कडी उघडून दाखवायचं ठरवलं.

गोणीतली पहिली चेन घेतली. पिनचं फुललेलं डोकं आधी ग्राइंडरने प्लेटच्या पातळीपर्यंत घासलं. तसं न करता ठोकलं तर पिन बाहेर येताना प्लेट वाकते. मग एकाच बाहेरच्या कडीच्या दोन्ही पिना थोडं थोडं करून सोबत बाहेर काढल्या. पिन दाजींच्या तळहातावर ठेवली. वरून ग्रीसने काळी झालेली चेन, आणि आतून निघालेली पिन कोरडी. तिच्यावर विटेच्या भुकटीसारखा तांबूस थर. बोटाने पुसली तर खाली खोबण, नखाला लागेल एवढी. मूळची गोल पिन एका अंगाने चपटी झाली होती.

घट्ट ग्रीस आत शिरतच नाही. ते बाहेर बसतं आणि शेतातली धूळ धरून ठेवतं. काडीत आणि धुळीत सिलिका असते, भाताच्या पेंढ्यात तर फारच. ग्रीस आणि सिलिका मिळून घासायची पेस्ट तयार होते. दाजी पिन खिशात घालून घेऊन गेले. घरी दाखवायची आहे म्हणाले.

तेलाचं असं ठरवलं : ४० नंबरचं साधं इंजिन तेल, नवं. मार्च-एप्रिलच्या उन्हात तेच टिकतं. दिवसाचं काम संपल्यावर, चेन गरम असताना, आधी कोरड्या ब्रशने धूळ काढायची. मग चेनच्या आतल्या बाजूने, ढिल्या अंगावर, दोन प्लेटा एकमेकींवर येतात त्या फटीत थेंब थेंब सोडायचं. गरम चेन थंड होताना तेल आत ओढून घेते. दहा मिनिटांनी बाहेरचं जादा तेल फडक्याने पुसायचं. बाहेर तेल ओघळताना दिसलं तर ते पिनेपर्यंत गेलंच असं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चेन चढवली. लॉकची पट्टी लावताना बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागे. उलटी लागली तर काडी अडकून पट्टी निघते. भाच्याकडून पाच वेळा लावून घेतली, शेवटची डोळे मिटून.

ताण : वरच्या बाजूला अंगठ्याने दाबून मधोमध एकूण १५ ते २० मिलिमीटर हलली पाहिजे. तारेसारखी ताठ चेन बेअरिंग खाते.

आयडलरचं बेअरिंग बदललं. रीलची अर्ध्या इंचाची चेन मापात निघाली, धुऊन तेल घालून परत लावली.

रविवार, १६ फेब्रुवारी

तीन घोड्यांची मोटर बेल्टने जोडून हेडर गाळ्यात हळू चालवलं. दोन तास. आवाज एकसारखा, चेन हाताला कोमट. शेजारचे गाळेवाले पाहायला आले. मी खूश होतो.

संध्याकाळी मोटर बंद करून, स्विचचा फ्यूज काढून खिशात ठेवून, ऑगरमध्ये मुद्दाम लाकडाचा ओंडका अडकवला आणि शाफ्टला लांब पाइप लावून दोघांनी जोर केला. भार फार झाला की सुटणाऱ्या सेफ्टी क्लचने इथे सुटायला हवं. नाही सुटला. तिघांनी लोंबकळून जोर केला, नाही.

इथे मी खाली बसलो. तिसरी चेन का तुटली याचं उत्तर मी अजून शोधलंच नव्हतं. झीज, हाफ लिंक, ए आणि बी, सरकलेलं हाउसिंग, सगळं सापडलं म्हणून समाधानी झालो होतो. पण लांबट भोकांचं कारण यातलं एकही नव्हतं.

क्लच उघडला. दात्यांच्या दोन चकत्या आणि मध्ये जाड स्प्रिंग. स्प्रिंगचा नट इतका आवळलेला की वेटोळी एकमेकांना टेकली होती. अशा स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही, चकत्या सुटणार कशा? वर चकत्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. रात्री दाजींना फोन केला. ते आठवून म्हणाले, "दुसऱ्यांदा चेन तुटली तेव्हा ऑगरमधून कटकट आवाज येत होता. मिस्त्रीने नट आवळला, आवाज बंद झाला. आम्हाला वाटलं, बरं झालं."

क्लच सांगत होता की ऑगरवर भार जास्त येतोय, बेअरिंग सरकलंय. त्याचं तोंड बंद केलं. मग पुढचा दगड आला तेव्हा सुटायला क्लच नव्हता, सगळ्यात कमजोर जागा चेन होती.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चकत्या सोडवून, गंज काढून, घासून साफ. स्प्रिंग किती दाबायची याचा आकडा आपल्याकडे नव्हता, जुन्या मशीनसोबत पुस्तक आलं नव्हतं. शेजारच्या गावात याच बनावटीचं, कधी न उघडलेलं मशीन आहे. भाच्याने तिथल्या ओळखीच्या मुलाला सांगून स्प्रिंगला व्हर्नियर लावलेला फोटो मागवला : ५८ मिलिमीटर. आपली तेवढीच ठेवली. नट पेंटच्या रेघेने खूण करून लॉक केला. रेघ तुटलेली दिसली तर कुणीतरी हात लावलाय असं समजायचं.

ओंडका पुन्हा अडकवला. दोघांनी जोर केला आणि क्लच कट्कट् करत सुटला. हा आवाज ऐकून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

रंग. भाच्याने हेडरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलं : चेन साठ नंबर, ९० कड्या, स्प्रिंग ५८. मी त्याखाली एक ओळ लिहायला लावली : हेडर वर उचललेलं असताना सिलिंडरचं लॉक लावल्याशिवाय खाली हात घालायचा नाही, आणि इंजिनची चावी ज्याचा हात आत आहे त्याच्या खिशात.

रविवार, २ मार्च

रात्री हेडर निफाडला रवाना. गाळा फार मोठा वाटतोय.

रविवार, २३ मार्च

भाच्याचा फोन, मग वहीच्या पानाचा फोटो. त्याच्याच अक्षरात :

"गहू चालू होऊन चाळीस तास. काल दुपारी क्लच दोनदा कटकटला. आवळला नाही. मशीन थांबवलं, चावी खिशात, लॉक लावलं, ऑगर उघडला. ठिबकच्या नळीचं भेंडोळं अडकलं होतं, कापून काढलं. चेन ठीक. आज सकाळी १६ कड्या मापल्या, ३०५.१. तेल रोज घालतो. बाबा आता स्वतः ब्रश घेऊन येतात."

३०५.१ माझ्याही वहीत उतरवून घेतलं. पुढचं माप शंभर तासांना.